बसने जाऊन करता येण्याजोग्या रानवाटा: कशा शोधायच्या, कशा आखायच्या

माळरान

शहराबाहेर चालायला जायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "गाडी कुठे लावायची?" हा प्रश्नच नसेल तर किती चांगल्या वाटा मोकळ्या होतात, त्यावर बोलायला हा धागा काढतेय.

गाडीने गेलं की दिवसभर जीव गाडीपाशी अडकलेला असतो. कितीही लांब चाललात तरी संध्याकाळी तिथेच परत यायचं. म्हणजे वाट एकतर गोल हवी, नाहीतर गेलात तशीच मागे फिरायची. बसने गेलात तर अलीकडे उतरायचं, खिंड ओलांडायची आणि पलीकडच्या खोऱ्यातून दुसरी बस धरायची. नदीकाठच्या, किनाऱ्याच्या, जुन्या व्यापारी वाटा मुळात एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्यासाठीच पडल्या. गाडीवाल्याला त्यांचा एकच तुकडा दोनदा बघायला मिळतो.

माझं आखणीचं सूत्र सोपं आहे: विरळ बस सकाळी, वर्दळीची बस संध्याकाळी. ज्या आडगावाला दिवसातून दोनच फेऱ्या आहेत तिथे सकाळी जायचं, आणि चालत मोठ्या रस्त्याकडे किंवा रेल्वे स्टेशनकडे यायचं, जिथे दर अर्ध्या तासाने काही ना काही मिळतं. सकाळची बस चुकली तर बेत बदलता येतो. संध्याकाळची चुकली तर मुक्कामाचीच वेळ येते. उलटी आखणी केली की चालण्याचे शेवटचे दोन तास घड्याळातच जातात.

दुसरं म्हणजे वाट शक्यतो बसच्या रस्त्याला समांतर निवडा. खोऱ्यात साधारणपणे एका काठाने रस्ता जातो आणि दुसऱ्या काठाने पायवाट. मधे दोन-तीन ठिकाणी पूल असतात. कोणी दमलं, आभाळ भरून आलं, तर पुलावरून पलीकडे जाऊन बस धरता येते. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी अशीच वाट घ्यावी, डोंगर ओलांडणारी नंतर.

काही ठिकाणी तर खासगी गाड्यांना मज्जावच आहे आणि बसने जाणं हाच रस्ता आहे. जपानातलं कामिकोची हे डोंगरांमधलं खोरं घ्या. तिथे वर्षभर खासगी गाड्या बंद, बोगद्यातून फक्त बस आणि टॅक्सी आत जातात. इटलीत डोलोमाइट्समधल्या आल्पे दी सिउसी या विस्तीर्ण कुरणाकडे जाणारा रस्ता सकाळी ९ ते संध्याकाळी ५ खासगी गाड्यांना बंद असतो. अमेरिकेतल्या झायन राष्ट्रीय उद्यानात २००० सालापासून शटल बस आहे, आणि ती चालू असण्याच्या हंगामात दरीतल्या मुख्य रस्त्यावर खासगी गाडी नेता येत नाही. हाँगकाँगला साय कुंगच्या बाजूला पाक ताम चुंगपाशी फाटक आहे. परवाना नसलेली गाडी तिथेच थांबते, बस पुढे जाते. बसने येणारा माणूस थेट वाटेच्या तोंडाशी उतरतो.

तुम्ही केलेल्या वाटा, युक्त्या, अडचणी, सगळं लिहा.

अबोली

वाखु (वाचनखूण) साठवली. "विरळ बस सकाळी" हे वाचून मागच्या काही सहलींत नेमकं काय जमत नव्हतं ते कळलं.

चकवा

धागा चांगला आहे, पण थोडा विरोधी सूर लावतो. हे सगळं एकट्यादुकट्या तरुण माणसाला ठीक आहे. बरोबर सत्तरीचे आईवडील आणि सहा वर्षांचं पोर असेल तर बसच्या वेळेशी बांधून घेणं म्हणजे जिवाला घोर. गाडी असली की वाटेल तेव्हा निघता येतं. शिवाय सुट्टीच्या दिवशीच फेऱ्या कमी असतात आणि आपण जाणार सुट्टीच्याच दिवशी.

माळरान

चकवा, पोराचा मुद्दा शंभर टक्के मान्य. लहान मूल बरोबर असेल तर अंतर निम्म्यावर आणायचं आणि परतीला वर्दळीची बस हवीच.

मोठ्यांच्या बाबतीत मात्र माझा अनुभव उलटा आहे. बसने उंचावरच्या गावी जाऊन खाली उतरत यायचं, असं एकतर्फी चालणं गाडीवाल्याला जमत नाही, कारण गाडी वर राहते. आणि गाडी चालवणाऱ्याच्या पायांचं काय? दिवसभर चालून पुन्हा दोन तास क्लचवर पाय. बसमध्ये बसल्या जागी पाय मोकळे सोडून खिडकीबाहेर बघता येतं, आपण चाललो तीच डोंगररांग आता खालून दिसते. मला तर दिवसाचा तो भाग फार आवडतो.

नकाशेवाला

माळरानताई, परतीच्या बसवरून आखणी करायची हे अगदी बरोबर. आकडे घालून दाखवतो, नवख्यांना सोपं जाईल.

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ढोबळ नियम दिला, तो अजून वापरात आहे. आजच्या मापात सांगायचं तर ताशी ५ किमी, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. समजा वाट १२ किमी आहे आणि एकूण चढ ४५० मीटर. अंतराचे २ तास २४ मिनिटं, चढाची ४५ मिनिटं, बेरीज ३ तास ९ मिनिटं. हा न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा वेळ झाला. फोटो, पाणी, वाट शोधणं, मागे राहिलेल्यांसाठी थांबणं हे धरून मी त्याची दीडपट करतो. झाले पावणेपाच तास.

आता परतीच्या बस समजा ४:१० ची आणि शेवटची ५:४० ची. आखणी ४:१० ची करायची, ५:४० ची राखीव ठेवायची. थांब्यावर पंधरा मिनिटं आधी म्हणजे ३:५५ ला पोचायचं. त्यातून पावणेपाच तास वजा केले की ११:१० उरतात. सकाळची बस ११:१० च्या आत उतरवत असेल तरच ही वाट घ्या, नाहीतर लहान वाट शोधा.

दोन गोष्टींत लोक हमखास फसतात. एक, एकूण चढ म्हणजे शिखराची उंची वजा सुरुवातीची उंची असं धरतात. मधल्या प्रत्येक ओढ्यात उतरून पुन्हा चढावं लागतं, ते सगळं चढात धरायचं. नकाशावर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) ओलांडताना वर जाणाऱ्या तेवढ्या मोजा. दोन, उतार म्हणजे फुकटचा वेळ समजतात. एरिक लँगम्यूर यांनी नेस्मिथच्या नियमात उतारासाठी दुरुस्ती केली. साधारण ५ ते १२ अंशांच्या सौम्य उताराला दर ३०० मीटरमागे १० मिनिटं वजा करायची, आणि १२ अंशांहून तीव्र उताराला तेवढीच मिळवायची. तीव्र उतारावर वेळ जास्तच लागतो, आणि तो नेमका दिवसाच्या शेवटी, पाय दमलेले असताना येतो.

श्रावणसर

नकाशेवाला, हे छापून भिंतीवर लावण्यासारखं आहे.

वेळापत्रकाबद्दल माझी भर. आकडे सगळेच वाचतात, तळटीप कोणी वाचत नाही. वेळेच्या शेजारी एक बारीक अक्षर किंवा फुली असते, आणि खाली त्याचा अर्थ दिलेला असतो: "फक्त शाळेच्या दिवशी", "शनिवार सोडून", "मागणीनुसार थांबेल", "हंगामात". दुपारची साडेतीनची बस अशा कितीतरी आडमार्गांवर मुळात शाळा सुटल्यावर मुलांना घरी सोडण्यासाठी असते. सुट्टी लागली की ती बंद, आणि आपण भटकायला निघतो ते सुट्टीतच.

एका ठिकाणी थांब्यावर काचेमागे कागद होता. ओल शिरून त्याचा खालचा भाग लाटांसारखा फुगला होता आणि नेमकी तळटीपच धुऊन गेली होती. वरच्या वेळा स्वच्छ दिसत होत्या, त्यामुळे कागद नीट आहे असंच वाटत होतं. कोपऱ्यातली "या तारखेपासून लागू" ही ओळ बघितली तेव्हा तो मागच्या हंगामाचा निघाला. तेव्हापासून थांब्यावर गेल्यावर आधी ती तारीख बघते.

अ‍ॅपवर शोधताना जायच्या दिवसाची तारीख घाला, "आत्ता" वर ठेवू नका. बहुतेक अ‍ॅप जीटीएफएस नावाच्या माहितीच्या साच्यावर चालतात. तो २००५ च्या सुमारास अमेरिकेतल्या पोर्टलंडची ट्रायमेट ही सार्वजनिक वाहतूक संस्था आणि गूगल यांनी मिळून तयार केला. त्यात कोणत्या वारी आणि कोणत्या खास तारखांना फेरी आहे किंवा नाही, हे वेगळं नोंदवायची सोय असते. चालवणाऱ्यांनी ते भरलेलं असेल तरच अ‍ॅपला कळतं. म्हणून सणासुदीच्या दिवशी अ‍ॅपवर विसंबू नका, फोन करून विचारा.

आणि उतरल्या उतरल्या परतीचा थांबा कुठे आहे ते चालकाला विचारून घ्या. तो रस्त्याच्या बरोबर पलीकडेच असेल असं नाही. कधी वळणापुढे असतो, कधी गावातून बस वळसा घालून जाते आणि दोन्हीकडच्या बस एकाच बाजूला थांबतात.

पाऊलखूण

+१. मागणीनुसार थांब्यावर हात दाखवावा लागतो, नुसतं उभं राहून चालत नाही. संधिप्रकाशात तर फोनचा दिवा खाली जमिनीकडे धरून हलवायचा, चालकाच्या डोळ्यांवर नाही.

दूरदेशी

कामिकोचीचा उल्लेख आला म्हणून लिहितो. तिथे शेवटच्या स्थानकापर्यंत न जाता आधी ताइशो तळ्याच्या थांब्यावर उतरावं. १९१५ मध्ये याकेदाके ज्वालामुखीच्या उद्रेकात आलेल्या चिखलगाळाने आझुसा नदी अडली आणि हे तळं झालं. बुडलेल्या झाडांचे वठलेले बुंधे पाण्यात उभे होते, त्यांतले थोडे अजून आहेत. तिथून नदीच्या वरच्या अंगाला चालत गेलं की साधारण तासाभरात काप्पा पूल लागतो आणि बस स्थानक जवळच. वाट जवळजवळ सपाट, काही भाग लाकडी फळ्यांवरून. पाणी इतकं नितळ की तळातला एकेक गोटा मोजावा. जाताना मधल्या थांब्यावर उतरायचं आणि येताना शेवटच्या स्थानकावर चढायचं, म्हणजे बसायला जागाही मिळते. हिवाळ्यात, नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, बस बंद असतात, हे ध्यानात ठेवा.

पण बस आणि पायवाट यांची खरी सांगड बघायची तर स्वित्झर्लंड. तिथे १९७९ मध्ये जनमत घेऊन पायवाटांची तरतूद थेट राज्यघटनेत केली. पुढे कायदा झाला, त्यानुसार एखादी वाट बांधकामामुळे तुटली तर तिच्या बदल्यात दुसरी द्यावी लागते. ६५,००० किमीच्या आसपास खुणा केलेल्या वाटा आहेत. पिवळ्या पाटीवर पुढच्या ठिकाणाचं नाव आणि लागणारा वेळ असतो, अंतर नसतं. तो वेळ विश्रांती न धरता काढलेला आहे, त्यामुळे नकाशेवाल्यांची दीडपट तिथेही लावा. पिवळ्या पोस्टबस, म्हणजे टपाल खात्याच्या बस, १९०६ पासून खेड्यापाड्यांत जातात. साध्या वाटेला पिवळी खूण, डोंगरातल्या वाटेला पांढरा-लाल-पांढरा पट्टा, आणि पांढरा-निळा-पांढरा दिसला तर ती अनुभवी लोकांची वाट, तिथून आपण मागे फिरायचं.

अबोली

पाटीवर अंतराऐवजी वेळ लिहिणं किती शहाणपणाचं आहे. बसने आलेल्याला तेवढंच तर हवं असतं.

सांजवात

एकटीने जाण्याबद्दल कोणी लिहील का? चालायची भीती नाही वाटत, थांब्यावर वाट बघत उभं राहायची वाटते. विशेषतः हायवेवरच्या ओसाड थांब्यावर.

पाऊलखूण

सांजवात, मी बऱ्याचदा एकटीच जाते. वाटेचा शेवट कुठे होतो यावर मी वाट निवडते. हायवेच्या फाट्यावर संपणारी वाट सोडून देते आणि गावात, दुकानांजवळ किंवा बस जिथून सुटते त्या स्थानकात संपणारी घेते. त्यासाठी दोन किमी जास्त चालावं लागलं तरी चालते. जिथून बस सुटते तिथे ती बऱ्याचदा आधीच येऊन उभी असते, आत बसता येतं. सकाळी उतरताना चालकाला सांगते की संध्याकाळी अमुक ठिकाणाहून अमुक बसने परतणार आहे. आडमार्गावर चालक मोजकेच असतात, एकमेकांना सांगतात.

घरी एकाला वाट, परतीची बस आणि "इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं" हे लिहून ठेवते. हा तिसरा भाग बहुतेक जण विसरतात. शिट्टी जवळ असावी. डोंगरात मदतीची खूण म्हणजे एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांचं येतं. उत्तर आलं तरी वाजवत राहायचं, शोधणाऱ्यांना दिशा कळते.

सांजवात

मनापासून आभार, ताई. "शेवट बघून वाट निवडायची" हे डोक्यात पक्कं बसलं.

जुना_वाटसरू

चकवा यांच्या आईवडिलांच्या मुद्द्यावर लिहितो, कारण मी त्याच वयाचा आहे आणि गुडघे बोलायला लागलेत.

आमच्यासारख्यांनी बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवरच्या वाटा शोधाव्यात. आगगाडीला तीव्र चढ चढवत नाही, त्यामुळे मार्ग आखतानाच चढ शंभर मीटरला दोन-तीन मीटरच्या आत ठेवायचा प्रयत्न असे. डोंगर आला की बोगदा, दरी आली की पूल. रूळ काढून टाकले तरी तो मऊ चढ तसाच राहतो. स्पेनमध्ये १९९३ पासून अशा मार्गांच्या "वीयास व्हेर्देस" म्हणजे हिरव्या वाटा केल्यात, आज ३,००० किमीहून जास्त आहेत. रेल्वे बंद झाली तिथे बऱ्याच ठिकाणी तीच गावं जोडणारी बस सुरू होते, त्यामुळे जुन्या स्टेशनाच्या आसपास थांबा सापडतो.

आणि बाळांनो, लांबच लांब उतार गुडघ्यांना चढापेक्षा वाईट. माळरानने लिहिलेलं "वर जाऊन उतरत यायचं" हे उतार सौम्य असेल तरच आमच्यासाठी.

माळरान

काका, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. मोठ्यांसाठी उतार सौम्यच हवा. नकाशावर समोच्च रेषा एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या तर ती वाट त्यांना नको.

भोवरा

वाट नकाशावर आहे म्हणून चालायला मोकळी आहे असं नसतं. नॉर्वेत १९५७ च्या कायद्याने बिनशेतीच्या मोकळ्या रानात कोणालाही चालायची मुभा आहे. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने बहुतेक जमिनीवर जबाबदारीने फिरायचा हक्क आहे, घराभोवतीची जागा आणि उभं पीक सोडून. इंग्लंड आणि वेल्समध्ये मात्र हक्काच्या पायवाटा ठरलेल्या आहेत आणि बरंचसं चालणं त्यांवरूनच. बाकी बऱ्याच देशांत मालकाला विचारावंच लागतं. शेतातलं फाटक जसं होतं तसंच ठेवून पुढे जायचं: बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. उघडं फाटक मुद्दाम ठेवलेलं असू शकतं, गुरांना पाण्याकडे जाता यावं म्हणून.

थांब्यापासून वाटेच्या तोंडापर्यंत डांबरी रस्त्यावरून जावं लागलं आणि पदपथ नसला तर समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा बाजूने, एका रांगेत चाला. आंधळं वळण आलं तर थोड्या वेळापुरती बाजू बदला. मला विचाराल तर सगळ्या दिवसातला धोक्याचा भाग हाच असतो.

नकाशेवाला

प्रकाशाबद्दल राहून गेलं. हात लांब करून तळहात स्वतःकडे, बोटं आडवी धरा. सूर्याची खालची कड आणि क्षितिज यांच्यात जितकी बोटं मावतील तितके पाव तास उरले, म्हणजे चार बोटांना साधारण तास. हा अंदाजच आहे, शिवाय दरीत असाल तर डोंगराआड सूर्य खूप आधी जातो. विषुववृत्ताच्या जवळ सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासाच्या आत काळोख होतो. ध्रुवांकडे जावं तसा संधिप्रकाश लांबतो. कुठल्या अक्षांशावर चालताय त्यानुसार हाताशी किती उजेड उरतो ते बदलतं.

श्रावणसर

मोठ्या वाटांच्या बाबतीत एक चांगलं उदाहरण: इंग्लंडमध्ये रोमन सम्राट हेड्रियनच्या भिंतीच्या कडेने १३५ किमीची वाट आहे, २००३ मध्ये खुली झाली. तिच्या मधल्या भागाला समांतर बस धावते, तिचा क्रमांक एडी १२२. इसवी सन १२२ मध्ये भिंतीचं काम सुरू झालं, त्यावरून. हवा तेवढा तुकडा चालायचा आणि बसने परत यायचं. अट तीच, वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलतं.

चकवा

एवढं वाचल्यावर माझं मत निम्मं बदललंय. निम्मंच, कारण जिथे बसच नाही तिथे हे सगळं लागू नाही, आणि अशी गावं बरीच आहेत.

माळरान

खरं आहे, चकवा. पण आडमार्गाची फेरी बंद करायची की ठेवायची हे ठरवताना किती जण चढले हे बघतात. सुट्टीच्या सकाळी आपण दहा जण चढलो तर त्याची नोंद होते. तिथे राहणाऱ्या, दवाखान्यात आणि कॉलेजात जाणाऱ्या माणसांची ती रोजची बस आहे. आपल्या तिकिटाने ती टिकायला हातभार लागत असेल तर मला त्याचं फार वाटतं. म्हणून कोणी गाडीतून थांब्यापर्यंत सोडतो म्हणालं तरी मी बसच घेते. तेवढंच, की ज्येष्ठ आणि शाळेची मुलं यांची जागा अडवायची नाही, चिखलाचे बूट पुसून चढायचं आणि पाठीवरची पिशवी मांडीवर घ्यायची.

चकवा

ठीक. मग माझा बेत तपासून द्या. येत्या रविवारी, आईवडील आणि पोरगा बरोबर. नदीकाठची वाट, ७ किमी, चढ ६० मीटर. सकाळी ९:२० ला वरच्या गावी बस, तिथून खाली चालत तालुक्याच्या गावी. खालून परतीची बस दर ४० मिनिटांनी. मधे दोन पूल.

नकाशेवाला

अंतराची ८४ मिनिटं, चढाची ६. दीड तास. चौघांत एक लहान आणि दोन ज्येष्ठ आहेत, म्हणून इथे दीडपट नको, दुप्पट धरा. साडेनऊला निघालात तर साडेबाराला खाली. भरपूर उजेड, भरपूर बस. बेत उत्तम.

श्रावणसर

९:२० ही रविवारचीच वेळ आहे ना? रोजच्या पानावरची तर नाही?

चकवा

बघितलं. रोजच्या पानावर ९:२०, रविवारी १०:०५. बरं झालं विचारलंत. म्हणजे सव्वादहाला निघून सव्वाएक. आणि दोन्ही पुलांपलीकडे थांबे आहेत, पण पहिल्या पुलाच्या थांब्यावर रविवारी बस थांबत नाही, असं तळटिपेत लिहिलंय.

माळरान

मग दमलं कोणी तर दुसऱ्या पुलावर बाहेर पडायचं, हे निघण्याआधीच सगळ्यांना सांगून ठेवा. तो पूल सुरुवातीपासून किती लांब आहे?

चकवा

४ किमी. आईला तेवढं सहज जमेल.